मेडिकलच्या आधीची चार वर्षं कुठे? एडिसनच्या एका आईचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी साताऱ्याची, मिस्टर नाशिकचे. थोरली लेक यंदा बारावीला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. मार्क चांगले आहेत, एसएटी १५२०. बीएस-एमडीसाठी (म्हणजे शाळेनंतरच कॉलेज आणि मेडिकलची जागा एकत्र पक्की) पाच ठिकाणी अर्ज केले, एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेलो, पण नंबर लागला नाही. आता हातात तीन पर्याय आहेत. एक खूप नावाजलेलं खासगी विद्यापीठ, इथून विमानाने तीन तास, वर्षाला ९२ हजार डॉलर आणि मदत शून्य. दुसरं रटगर्सचं, म्हणजे इथल्या राज्य विद्यापीठाचं, ऑनर्स कॉलेज, शिष्यवृत्ती वजा जाता २८ हजार. तिसरं पेनसिल्व्हेनियातलं छोटं कॉलेज, मुलं जेमतेम अठराशे. त्यांनी बरीच सवलत दिलीये, ४१ हजार पडतील, आणि त्यांच्या प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या, ९० टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो असं ते सांगतात. मिस्टर म्हणतात, मेडिकलला जायचं तर नाव असलेल्या ठिकाणाहूनच जावं, लागलं तर घरावर कर्ज काढू. आमच्या ओळखीतले बहुतेक जण हेच सांगतात. धाकटा नववीत आहे. मला वाटतं तिने मेजर (मुख्य विषय) बायॉलॉजी घ्यावं, तिने मात्र मानववंशशास्त्राचं खूळ घेतलंय. इथे नाहीच जमलं तर एनआरआय कोट्यातून भारतात एमबीबीएस करता येईल का? १ मेपर्यंत ठरवायचंय आणि घरात रोज वाद होतायत. (ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी आलं.)

पत्राच्या शेवटी लेकीने स्वतः दोन ओळी जोडल्या आहेत: “मला खरंच डॉक्टर व्हायचंय. पण चार वर्षं फक्त त्याचीच तयारी करायची का?”

---

नमस्कार.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. मी तुमच्या जागी असते तर रटगर्सला होकार कळवला असता. पेनसिल्व्हेनियाचं कॉलेज दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं, आणि पुढे दिलेल्या प्रश्नांची त्यांनी सरळ उत्तरं दिली तर दोघांची पुन्हा तुलना केली असती. घरावर कर्ज काढून वर्षाला ९२ हजार भरायला मात्र माझा साफ नकार आहे. प्री-मेडच्या मुलांना सल्ला देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हे सगळं त्या कामातूनच आलेलं आहे.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं कुठून येतं ते मला पुरतं कळतं. आपण वाढलो तिथे बारावीचा निकाल लागला, गुणवत्ता यादी लागली की आयुष्य ठरायचं. बी. जे.ला नंबर लागला की मिरजेला, यावर अख्ख्या गल्लीत चर्चा व्हायची. तिथे कॉलेज म्हणजेच मेडिकल कॉलेज. एकदा आत पाऊल पडलं की डॉक्टर होणं जवळपास पक्कं. त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षीच्या एका प्रवेशावर घरची सगळी पुंजी आणि सगळी ताकद लावायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इथे लेक येत्या ऑगस्टमध्ये ज्या दारातून आत जाईल, ते मेडिकलचं दारच नाही. चार वर्षांनी तिला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचाय, आणि खर्चाचा खरा डोंगर त्या दुसऱ्या दारामागे आहे.

चार वर्षं कॉलेज आणि मग चार वर्षं मेडिकल, ही चार अधिक चारची रचना इथेही पूर्वीपासूनची नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला आल्या त्या थेट विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ला डॉक्टर झाल्या; आधी पदवी घेऊन या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पुढे १८९३ला बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं, त्याने पदवीची अट घातली. १९१०चा फ्लेक्सनर अहवाल आल्यावर देशभरातली सुमार मेडिकल कॉलेजं बंद पडत गेली आणि आधी कॉलेजात विज्ञान शिका, मग या, ही रीत रुळली. आजही मेडिकल स्कूलांना पहिल्या चार वर्षांकडून हवंय ते हेच: मुलीने विज्ञानाचा पाया घातला का, माणसांमध्ये वावरली का, आणि हे सगळं करताना तिने स्वतःला सांभाळलं का.

ते कसं तपासलं जातं हे जरा जवळून बघू. लेक अर्ज करेल तो बहुतेक एएमकॅस नावाच्या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून. तिथे तिचे कॉलेजातले सगळे ग्रेड भरावे लागतात. सगळे म्हणजे सगळे. शाळेत असताना काउंटी कॉलेजचा एखादा कोर्स क्रेडिटसाठी केला असेल तर तोही. एखादा विषय पुन्हा केला तर दोन्ही ग्रेड धरले जातात, जुना पुसला जात नाही. त्यातून दोन आकडे निघतात: एकूण जीपीए (ग्रेडची चारपैकी सरासरी), आणि फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा वेगळा जीपीए. मग एमकॅट, ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा: चार विभाग, ४७२ ते ५२८ पर्यंत गुण, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची बैठक. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी पाहिली तर जीपीए ३.८च्या जवळपास आणि एमकॅट ५११-५१२. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास आत जातात. म्हणजे अर्ज करण्यापर्यंत टिकलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त जण त्या वर्षी बाहेर राहतात.

आता पहिल्या वर्षाचं गणित करून बघा. समजा नव्या गावात, अतिशय हुशार मुलांच्या गर्दीत लेक गडबडली आणि पहिल्या वर्षी २.७ पडले. पुढची तिन्ही वर्षं तिने जिवाचं रान करून ३.८ ठेवले. तरी चार वर्षांची सरासरी येते ३.५२. पहिलं एक वर्ष पुढची तीन वर्षं पाठ सोडत नाही. म्हणून मी पालकांना सारखं सांगते की कॉलेज निवडताना पहिला विचार हा करा: या ठिकाणी माझं मूल पहिल्या वर्षी नीट झोपेल का, जेवेल का, आणि अडलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहील?

कॉलेजच्या नावाला काहीच किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. संशोधनाला वाहिलेल्या काही खासगी मेडिकल स्कूलांत नावाजलेल्या विद्यापीठाचा विद्यार्थी थोडा उठून दिसतो. शिवाय अशा ठिकाणी प्रयोगशाळा जास्त, पैसा जास्त, ओळखी जास्त. कुणाला तिथे पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा घरची ऐपत दांडगी असेल तर खुशाल जावं. पण ३.५वर त्या नावाचा शिक्का मारला म्हणून त्याचा ३.८ होत नाही. आणि तुमच्या बाबतीत त्या शिक्क्याची किंमत काढता येते. ९२ हजार आणि २८ हजार यांत फरक ६४ हजारांचा. चार वर्षांचे झाले २ लाख ५६ हजार डॉलर. इथे कर्ज काढून मेडिकल पूर्ण करणाऱ्या मुलांवर पदवीच्या वेळी साधारण २ लाखांचं कर्ज असतं. म्हणजे एका डॉक्टरचं अख्खं कर्ज तुम्ही मेडिकल सुरू व्हायच्या आधीच डोक्यावर घेणार.

यात एक नवी गोष्ट घडली आहे आणि आपल्या मंडळींत तिची म्हणावी तितकी चर्चा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आतापर्यंत मेडिकलचा सगळा खर्च भागेल इतकं कर्ज केंद्र सरकार देत होतं. ग्रॅड प्लस नावाची ती योजना होती. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ती बंद होतेय. त्यापुढे मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच. खासगी मेडिकल स्कूलचा राहण्याजेवणासह चार वर्षांचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे सहज जातो. मधली दीड लाखाची दरी कोण भरणार? बँकांची खासगी कर्जं, ज्यांना सहसा पालकांची सही लागते आणि अडचण आली तर सरकारी कर्जासारखी सवलत मिळत नाही. नाहीतर घरची शिल्लक. पालकांच्या नावावरच्या सरकारी कर्जालाही त्याच तारखेपासून मर्यादा आली आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार. मिस्टर घरावर कर्ज काढायचं म्हणतात ते बहुधा त्यामुळेच. पण घर गहाण टाकून पहिली चार वर्षं पार पाडली, तर २०३०मध्ये लेकीला खरी गरज पडेल तेव्हा गहाण टाकायला काय उरेल? आणि तेव्हा धाकटा कॉलेजात असेल. याला आपल्याकडे ऋण काढून सण करणं म्हणतात. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८मध्ये आणि तिथल्याच अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल स्कूलने २०२४मध्ये शिकवणी फी माफ केली, हे खरं आहे. पण तिथे जागा थोड्या आणि अर्जांचा पूर, त्यामुळे त्या भरवशावर घरचं बजेट बसवू नका.

आता रटगर्स. ते काही सोपं ठिकाण नाही, हे लेकीला आधीच माहीत असलेलं बरं. केमिस्ट्रीचा पहिला कोर्स शेकडो मुलांच्या हॉलमध्ये असतो. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री येते, आणि डॉक्टर व्हायचंय म्हणणारी कितीतरी मुलं तिथे वाट बदलतात. शाळेत पाठ करून ९८ आणणाऱ्या मुलांची इथे दमछाक होते, कारण परीक्षेत कधीच न पाहिलेली प्रक्रिया समोर येते आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातील हे बाण काढून दाखवायचं असतं. जी मुलं तरतात ती आठवड्याच्या आठवड्याला प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (मुलांच्या शंकांसाठी राखलेल्या वेळी) जातात, दोघा-चौघांत बसून फळ्यावर सोडवतात आणि मिडटर्मच्या आदल्या रात्री झोपतात. आपल्या मुलांना शिक्षकांच्या दारात जाऊन ‘मला हे कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते. ती लाज लेकीने सप्टेंबरमध्येच टाकून दिली पाहिजे. दीड वर्षांनी शिफारसपत्र मागायची वेळ येईल तेव्हा तिचा चेहरा ओळखणारा एक तरी विज्ञानाचा प्राध्यापक हवा.

मोठ्या विद्यापीठातली ही अडचण ऑनर्स कॉलेजमुळे बरीच सौम्य होते: काही छोटे वर्ग, वेगळे सल्लागार, प्रबंधाची संधी. शिवाय न्यू ब्रन्सविकला जे जवळपास आहे त्याची किंमत आकड्यांत दिसत नाही. शहरात रॉबर्ट वूड जॉन्सन हॉस्पिटल आणि मेडिकल स्कूल, आणि विज्ञानाचे बहुतेक वर्ग होतात तो बुश कॅम्पस नदीपलीकडे पिस्काटवेला. मधे विद्यापीठाच्या बसगाड्या. दुपारी लॅब, संध्याकाळी वॉर्डात स्वयंसेवक, हे एका दिवसात बसतं. आणि घर बसच्या नाहीतर ट्रेनच्या अंतरावर. पण एक विनंती. राहायला तिला कॅम्पसवरच पाठवा आणि दर शुक्रवारी डबा घेऊन जाऊ नका. घर जवळ असल्याचा फायदा आजारपणात आणि रडू फुटेल त्या रात्री व्हावा. एरवी तिला तिथलं होऊ द्या.

न्यू जर्सीच्या रहिवाशाला इथल्या सरकारी मेडिकल स्कूलांत, म्हणजे रटगर्सच्या नेवार्क आणि न्यू ब्रन्सविकच्या, कॅमडेनच्या कूपरमध्ये आणि रोवनच्या ऑस्टिओपॅथिकमध्ये, प्राधान्य मिळतं. म्हणून कॉलेजही इथलंच हवं, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तुमचं घर इथे आहे तोवर लेक पेनसिल्व्हेनियात शिकली तरी सहसा न्यू जर्सीचीच रहिवासी धरली जाते. तेव्हा रटगर्स निवडायचं ते या कारणासाठी नको.

छोट्या कॉलेजचं सांगते. अठराशे मुलांच्या कॉलेजात बायॉलॉजीचे प्राध्यापक लेकीला नावाने ओळखतील, पहिल्याच वर्षी त्यांच्या लॅबमध्ये काम मिळेल, पत्रं मनापासून लिहिली जातील. अबोल मुलांसाठी अशी कॉलेजं फार चांगली. लेक कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही; ती मोठ्या गर्दीत मिटून जाणारी असेल, तर वर्षाला १३ हजार जास्त देणं मला गैर वाटणार नाही. पण त्या ९० टक्क्यांना भुलू नका. तो आकडा कसा तयार होतो ते उदाहरणाने सांगते. समजा पहिल्या वर्षाला दोनशे मुलं प्री-मेड म्हणवत आली. दोन वर्षांत सव्वाशे गळाली. उरलेल्या पंच्याहत्तरांनी कॉलेजच्या समितीकडे पत्र मागितलं; ते कमिटी लेटर अनेक मेडिकल स्कूलांना हवं असतं. समितीने जीपीए कमी असलेल्या पंचवीस जणांना सांगितलं, यंदा अर्ज करू नका, आम्ही पत्र देणार नाही. पन्नास जणांनी अर्ज केला, पंचेचाळीस जणांना प्रवेश मिळाला. झाले ९० टक्के. खोटं कुणीच बोललं नाही, पण दोनशेंपैकी डॉक्टर व्हायला निघाले पंचेचाळीस.

म्हणून त्यांना हे विचारा. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती मुलं येतात आणि त्यांतली किती शेवटी अर्ज करतात? कमिटी लेटर मागेल त्याला मिळतं, की जीपीएची अट आहे? त्या ९० टक्क्यांत कॅरिबियनमधली मेडिकल स्कूलं धरली आहेत का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लागलेले आहेत का? पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनाही पुढे मदत मिळते का? जवळात जवळचं हॉस्पिटल किती दूर आहे आणि गाडी नसलेली मुलं तिथे कशी जातात? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण डोंगरातल्या सुंदर कॉलेजांत मुलं याच ठिकाणी अडकतात. मोकळेपणाने उत्तरं देणारं कॉलेज चांगलं. ‘आमची मुलं सगळीकडे जातात’ एवढंच म्हणून हसणाऱ्यांपासून लांब राहा.

पेशंटजवळ घालवलेला वेळ हा अर्जातला मोठा भाग असतो, आणि आपल्या घरांत त्यावर एक ठरलेला उपाय निघतो: उन्हाळ्यात पुण्याला, मामाच्या हॉस्पिटलात तीन आठवडे. जायला काहीच हरकत नाही. ओपीडीत कोपऱ्यात उभं राहून बघणं, मामी पेशंटशी कशा बोलतात ते ऐकणं यातून खूप शिकायला मिळतं. पण उत्साहाच्या भरात कुणी तिच्या हातात इंजेक्शन दिलं, टाके घालायला दिले आणि तिने ते अर्जात अभिमानाने लिहिलं, तर इथे त्याचा उलटा परिणाम होतो. परदेशात जाऊन, इथे करू दिलं नसतं असं काम पेशंटवर करणं अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेला मान्य नाही. त्यांच्या तशा लेखी सूचना आहेत. त्यापेक्षा गावातल्या रेस्क्यू स्क्वॉडमध्ये ईएमटी (अँब्युलन्सवरचा तातडीचा मदतनीस) म्हणून रात्रपाळ्या करणं, नर्सिंग होममध्ये आजी-आजोबांना भरवणं, दवाखान्यात स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांसाठी नोंदी लिहून घेण्याचं काम, यांतलं एक काहीतरी धरून दोन वर्षं टिकवलं तर त्याला वजन असतं. आणि त्यातून दुसरं एक उत्तर मिळतं, जे फार महत्त्वाचं आहे: वास, रक्त, वैतागलेले नातेवाईक आणि रात्रीची जागरणं यांच्यात आपल्याला राहायचंय का? नको असेल तर ते एकोणिसाव्या वर्षी कळलेलं उत्तम.

मानववंशशास्त्राला खूळ म्हणू नका. प्री-मेड हे मेजर नाही. केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि लेखनाचे कोर्स केले की मेजर काहीही चालतं, आणि दुसऱ्या विषयांतली मुलं प्रवेशात मागे पडत नाहीत. २०१५पासून एमकॅटचा एक अख्खा विभाग मानसशास्त्र-समाजशास्त्राचा आहे. एक गोष्ट मात्र लेकीने लक्षात ठेवावी: बायॉलॉजी मेजरच्या मुलांकडे विज्ञानाचे कोर्स पुष्कळ असतात, एखादा बिघडला तर तो त्यांत मुरतो. तिच्याकडे ते मोजके असतील, त्यामुळे प्रत्येकाचा भार जास्त. फिजिऑलॉजीसारखे एक-दोन वरच्या वर्गाचे कोर्स तिने जोडून घ्यावेत. शाळेतल्या एपीचे (कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) मार्क दाखवून पहिली केमिस्ट्री सोडायची असेल तर त्याऐवजी पुढची केमिस्ट्री घ्यावी; एपीच्या बाबतीत प्रत्येक मेडिकल स्कूलचा नियम वेगळा आहे.

आणि हा विषय डॉक्टरला लागतो कुठे, असं तुम्ही विचाराल. हैतीत काम उभं करणारे पॉल फार्मर डॉक्टर होते आणि मानववंशशास्त्राचे पीएचडीही. आपल्या घरचं उदाहरण हवं तर राणी बंग. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा त्यांनी केलेला अभ्यास १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतक्या बायका गप्प का होत्या, कोणत्या शब्दांत त्या हे दुखणं एकमेकींना सांगत होत्या, हे कळल्याशिवाय तिथे औषध पोचत नाही. लेकीला जर हे शिकायची ओढ असेल तर तिला अडवू नका. आवडीचा विषय हाताशी असला की जीपीएही चांगला राहतो, हे मी मुलांमध्ये वारंवार पाहते.

भारतातल्या एमबीबीएसचं थोडक्यात. एनआरआय कोट्यालाही ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तो अभ्यासक्रम इथल्या शाळेपेक्षा वेगळा. साडेपाच वर्षांनी इथे परत यायचं तर यूएसएमएलई या इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षा आणि मग रेसिडेन्सीची मॅच, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप. त्यात इथल्या एमडी स्कूलांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी सुमारे ९३ टक्के लागतात, तर बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांच्या आसपास. जिला भारतातच डॉक्टरकी करायची आहे तिच्यासाठी तो सुंदर रस्ता आहे. इथे राहायचं असेल तर इथेच, गरज पडल्यास वर्ष-दोन वर्षं थांबून प्रयत्न करावा. त्या थांबण्याला घाबरू नका. मेडिकलला जाणाऱ्यांतली निम्म्याहून जास्त मुलं आता मधे किमान एक वर्ष घेतात, लॅबमध्ये किंवा दवाखान्यात नोकरी करतात. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणतात तसं इथे कुणी म्हणत नाही.

ग्रीन कार्ड आलंय हे तुम्ही कंसात लिहिलंत, पण ती फार मोठी गोष्ट आहे. हे वाचणाऱ्या आणि अजून एच-४वर (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) मुलं असलेल्या पालकांसाठी मुद्दाम सांगते: मूल एकविसाचं झालं की एच-४ संपतो. बऱ्याच मेडिकल स्कूलांत ग्रीन कार्ड नसलेल्यांना प्रवेश नाही, आणि सरकारी कर्जही नाही. तुमची तारीख लांब असेल तर कॉलेजच्या निवडीआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला आणि अशा मुलांना घेणाऱ्या मेडिकल स्कूलांची यादी हातात ठेवा.

बीएस-एमडीत नंबर लागला नाही याचं दुःख अजून ताजं असेल. त्या जागा मूठभर असतात आणि अर्ज करणारी बहुतेक सगळीच मुलं अव्वल असतात. मुलाखतीपर्यंत पोचलेली मुलगी कशातच कमी नाही. तिच्यासमोर तो विषय आता पुन्हा काढू नका, आणि मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काढला तर तुम्ही तो तिथेच थांबवा.

आणि तुला, जिने शेवटच्या दोन ओळी लिहिल्या: नाही, फक्त त्याचीच तयारी करायची नाही. विज्ञान चोख ठेव, दर आठवड्याला कुठल्यातरी आजारी माणसाजवळ बस. उरलेल्या वेळात भांडी घडव, मोडी शीक, भांडणारे मित्र मिळव, एक सत्र बाहेरदेशी जा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुला वाटलं की डॉक्टर नाही व्हायचं, तर घरी स्वच्छ सांग. आई-बाबांनी घर गहाण टाकलेलं नसेल तर तुला हे सांगणं खूप सोपं जाईल, आणि रटगर्सकडे माझा कल असण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

आता या आठवड्यात काय करायचं ते. छोट्या कॉलेजला विचारायचे प्रश्न लेकीनेच तिच्या ईमेलवरून पाठवावेत. कॉलेजात गेल्यावर तिचे ग्रेडही तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला कुणी दाखवणार नाही, तेव्हा ही सवय आतापासून लागू दे. त्याच दिवशी रटगर्सच्या ऑनर्स कॉलेजला विचारावं की शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए लागतो आणि ती चारही वर्षं मिळते का. २८ हजारांचा आकडा त्यावर उभा आहे. नावाजलेल्या विद्यापीठाने मदतीसाठी तुमचं उत्पन्न पाहिलंय, पण नोकरी गेली, आजारपण आलं किंवा भारतात आई-वडिलांचा खर्च उचलताय असं काही असेल तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. मिस्टरांच्या समाधानासाठी तो एकदा जरूर करून बघा, आणि आकडा ४० हजारांच्या खाली आला तर मला पुन्हा लिहा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या ऑफिसांतले फोन लागत नाहीत, म्हणून तिन्ही ईमेल सोमवारी सकाळीच जाऊ द्या.